पाव, फायली आणि अण्णांची पेटी

अण्णांनी सायकलीसाठी केलेली पहिली पेटी चांदचाचांच्या कॅरिअरवर चढवली, दोरीनं आवळली, आणि चाचांनी हँडल सोडल्याबरोबर सायकलीचं पुढचं चाक अलगद हवेत गेलं. बिथरलेल्या घोड्यासारखी ती सायकल आमच्या दारात मागच्या चाकावर उभी राहिली. चाचांनी एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला आणि अगदी अदबीनं म्हणाले, "उस्ताद, पेटी लाखात एक बनवलाव तुमी. आता हिला वढाया एक बैल बी द्या." माय उंबऱ्यात तोंडाला पदर लावून उभी होती. तो पदर हलत होता, त्यावरून ती हसतेय हे मला कळलं. दुर्दैवानं अण्णांनाही कळलं. त्या दिवशी ते जेवताना कोणाशी बोलले नाहीत, आणि भाकरी मात्र रोजच्यापेक्षा एक जास्त खाल्ली.

चांदचाचा म्हणजे आमच्या गल्लीत पाव विकायला येणारे. सकाळी त्यांची घंटी वाजली की चहाची भांडी चुलीवर चढायची. त्यांच्या सायकलीवर पत्र्याची पेटी होती, आणि त्या वर्षीच्या उन्हात ती इतकी तापायची की बेकरीत एकदा भाजलेले पाव लातूरभर हिंडताना दुसऱ्यांदा भाजून निघायचे. वरून कडक, आतून घामेजलेले. लाकडाची पेटी असती तर पाव थंड राहिले असते, असं त्यांच्या मनात आलं, आणि आमच्या दारात एक सुतार रिकामा बसलेला त्यांना रोज दिसत होताच. म्हणून त्यांनी अण्णांना पेटी सांगितली. धंदा म्हणून नव्हे, बहुतेक दया म्हणून. पण अण्णांना हे कळू न देण्याइतके ते सभ्य होते.

अण्णा बैलगाड्यांचे सुतार. शिरूर अनंतपाळच्या बाजूला आमचं गाव. त्या पट्ट्यात गाडी घ्यायची तर आमच्या अण्णांचीच, असं लोक म्हणायचे. निदान अण्णा तरी सांगायचे की लोक असं म्हणतात. पण पावसानं पाठ फिरवली तशी गाड्यांची गरजच उरली नाही. पेरणी नाही तर तिफण कशाला, पीक नाही तर गाडी कशाला? बैल चारा-छावणीत गेले, माणसं रोजगार हमीवर खडी फोडायला गेली, आणि अण्णांचा रंधा खुंटीवर लटकून राहिला. त्याच सुमारास लातूरचा जिल्हा झाला. अण्णांनी हिशेब केला तो असा : जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या येणार, कचेऱ्या आल्या म्हणजे टेबलं लागणार, टेबलं लागली म्हणजे सुतार लागणार. हिशेबात चूक काही नव्हती. आम्ही बोचकी बांधून लातूरला आलो, तेलाच्या दुकानामागं दीड खोली घेतली, आणि मग कळलं की सरकारची टेबलं लोखंडाची असतात आणि ती कुठून तरी दुरून ट्रकमध्ये बसून येतात.

त्या दीड खोलीतला आवाज अजून माझ्या कानात आहे. एका बाजूला तेलाचा घाणा कुरकुरायचा. दुसऱ्या बाजूला एका भाड्याच्या घरात कुठलंसं नवं ऑफिस आलं होतं, तिथला टाइपरायटर दिवसभर टकटकायचा. मधूनच टँकरचा हॉर्न वाजायचा आणि सगळी गल्ली घागरी, डबे, पातेली घेऊन पळायची. माय पहिल्या आठवड्यातच म्हणाली होती, "जिल्हा आला म्हनत्यात, पन पानी काही संगं घिऊन आला न्हाई." दुपारी जेवायला भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. येसर म्हणजे धान्य-मसाल्याचं पीठ, गावाकडून भाजून दळून आणलेलं, ते माय चिमटीनं वापरायची. आमटी इतकी पातळ व्हायची की अण्णा ताटात वाकून म्हणायचे, "हिच्यात माझं तोंड दिसायलंय." माय म्हणायची, "मग बघून घ्या, आरशाला पैसं पडत न्हाईत."

तर त्या पहिल्या पेटीचं असं झालं होतं, की अण्णांना बाभूळ सोडून लाकूडच ठाऊक नव्हतं. बाभळीच्या दणकट फळ्या, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, खाली आडवे दांडे. नदी ओलांडून ऊस वाहून आणता आला असता त्या पेटीतून. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसलेली. आम्हाला भाऊ नव्हता, त्यामुळे मोठ्या करवतीचं दुसरं टोक लहानपणापासून माझ्याच हातात. मी म्हटलं, "अण्णा, हलकं लाकूड घ्यावं लागंल." ते म्हणाले, "हलक्या लाकडाला हात लावनारा सुतार न्हाई मी." एवढं बोलून बाहेर जाऊन बसले.

हलकं लाकूड आणलं ते मायनं. शेजारच्या ऑफिसात कपाटं आली होती, ती ज्या खोक्यांतून आली ती खोकी मागच्या अंगणात पडली होती आणि तिथले लोक त्यांच्या फळ्या जाळून चहा करत होते. पांढऱ्या, गुळगुळीत, हाताला पिसासारख्या लागणाऱ्या देवदाराच्या फळ्या. माय तिथं गेली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी तुमाला चहापुरत्या तुराट्या देते, ह्या फळ्या मला द्या." सरकारी मालमत्तेचा असा सौदा त्या जिल्ह्यात पहिल्यांदाच झाला असावा. फळ्यांवर काळ्या शाईनं मोठी इंग्रजी अक्षरं छापलेली होती. अण्णांनी नाक मुरडत, पण हात न आवरता, दुसरी पेटी केली. मी अक्षरं घासून काढावी म्हणत होते. माय म्हणाली, राहू दे, नक्षी छान दिसते. म्हणून चांदचाचा दुसऱ्या दिवशी ज्या पेटीतून पाव विकायला निघाले तिच्या बाजूवर लिहिलं होतं, 'काच आहे, जपून उचला'.

सायकल या वेळी दोन्ही चाकांवर राहिली. झाकण गच्च बसलं. चाचा घंटी वाजवत गेले, आम्ही तिघं दारात उभे राहून ते वळणावरून दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिलो. दुपारी ते परत आले ते सायकल हातानं ढकलत. पेटी उघडून त्यांनी एक पाव अण्णांच्या नाकाखाली धरला. देवदाराचा सगळा वास त्या पावात उतरला होता. राळेचा, औषधाच्या दुकानासारखा. "उस्ताद," चाचा म्हणाले, "एक म्हातारी म्हनली, तुझा पाव खाल्ला आन माझा खोकला बसला. बाकीचे सगळे वापस घे म्हनले." वापस आलेले पाव चाचांनी आमच्याच घरी ठेवले. तीन-चार दिवस आम्ही चहात बुडवून औषधी पाव खाल्ले. मायला पावावर आधीच विश्वास नव्हता, तेव्हापासून तर तो कायमचाच उडाला.

नेमकी याच वेळी सोजरआत्या नांदेडहून आली. अण्णांची थोरली बहीण. आतोबांची नांदेडला लाकडाची वखार होती, मशीनची करवत होती, घरात नळ होता आणि नळाला पाणी होतं. आत्या आली की आधी घराच्या चारी कोपऱ्यांत नजर टाकायची, मग बसायची. तिनं पेटी पाहिली, पाव पाहिले, अण्णांचा उतरलेला चेहरा पाहिला. "काय करून राहिलास रे तू हितं?" ती म्हणाली. "गाड्या करनारा मानूस तू, अन् पावाची खोकी करून राहिलास? चाल माझ्यासंगं. वखारीत मानूस पायजेच हाय." तिचं बोलणं टोचायचं, पण तिनं येताना पिशवी भरून ज्वारी आणि गुळाची ढेप आणली होती, आणि ते सगळं एस.टी.त स्वतःच्या मांडीवर धरून आली होती. अशा माणसाशी भांडता येत नाही. अण्णा दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर एस.टी.त बसले. आम्ही दोघींनी खोली आवरून महिन्याभरानं मागून यायचं असं ठरलं. हत्यारांची पेटी मात्र अण्णांनी नेली नाही. "तिथं मशीन हाय," एवढंच म्हणाले. हे वाक्य त्यांनी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मी नंतर दवाखान्यांत ऐकलाय, माणसं आपल्या माणसाला आत सोडून येतात तेव्हाचा.

अण्णा गेल्यावर ती वासाची पेटी अंगणात पडून राहिली. मायनं तिच्यात कोंबडी बसवायचा विचार केला होता; कोंबडीलाही वास पसंत पडला नाही. मग एके दिवशी शेजारच्या ऑफिसातले कोंडिबा शिपाई पाणी प्यायला आले. त्या वेळी सगळी ऑफिसं शहरभर विखुरलेली, कुणी गोडाऊनमध्ये, कुणी शाळेच्या दोन खोल्यांत. फायली एकीकडून दुसरीकडे न्यायचं काम कोंडिबांचं. ते फायली दोरीनं बांधून कॅरिअरवर ठेवायचे आणि खड्डा आला की मागं कागद उडायचे. लोक म्हणायचे, आपला अर्ज कुठवर आलाय ते पाहायचं असेल तर कोंडिबांच्या मागं चालत जावं. त्यांनी पेटी उचलून पाहिली, झाकण लावून पाहिलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "मामा, हिला वास येतो." कोंडिबा म्हणाले, "बाई, आमच्या फायलींचा वास तू कधी घेतलीस का? उलट बरंच हुईल. कसर तरी लागायची न्हाई."

त्यांनी पेटी नेली, आणि त्या पेटीनं जे केलं ते आम्ही दारोदार फिरून केलं नसतं. दुसऱ्या ऑफिसचा शिपाई आला. मग एक धोबी आला, त्याला साहेबांची इस्त्री केलेली कापडं न्यायची होती. मग अंडी विकणारा आला, त्याला तर बाजूवरचं लिहिलेलंच फार आवडलं. तसंच पाहिजे म्हणाला. मायनं सगळ्यांना बेधडक हो म्हटलं. ते गेल्यावर मी विचारलं, "करनार कोन?" ती म्हणाली, "करवतीचं एक टोक धरता येतं तर दुसरं बी येत असंलच की." अशा रीतीनं मी सुतार झाले. माय फळी दाबून धरायची, मी करवत चालवायची. गल्लीतल्या बायका पाणी भरायच्या निमित्तानं थांबून बघायच्या. एक म्हातारी तर रोज विचारायची, "पोरीच्या लग्नाचा पाट करायलाव का?" माय म्हणायची, "व्हय, पाटाला झाकन लावायलाव."

त्याच छापील अक्षरांच्या उरलेल्या फळ्यांची माझी पहिली पेटी दिसायला बरी झाली, पण झाकण लंगडं. एका बाजूला बसवलं की दुसरीकडून बोटभर उठायचं. सांधाही एका कोपऱ्यात उघडा राहिला. मी पुन्हा खोलून करायला घेतली, तर मायनं हातातून पटाशी काढून घेतली. "राहू दे तसंच." मी म्हटलं, "अगं, ही अशी कुनाला द्यायची?" ती म्हणाली, "कुनाला न्हाई. ही आपन नांदेडला न्यायची." मला काही समजलं नाही. वाटलं, अण्णांना दाखवून कौतुक करून घ्यायचंय. मी म्हटलं, त्यापेक्षा निरोप धाडू, ऑर्डरी आल्यात म्हणून सांगू, ते येतील. माय फळीवरचा भुसा झटकत म्हणाली, "बोलावलं की येतील असं मानूस असतं तर आजवर मला येवढी अक्कल आली नसती."

नांदेडची एस.टी. खच्चून भरलेली. पेटी टपावर चढवली. कंडक्टरनं तिचं तिकीट अर्धं घ्यायचं का पुरं यावर बराच खल केला, बाजूवरची अक्षरं वाचून म्हणाला, "काच फुटली तर आमी जिम्मेदार न्हाई बरं का." माय म्हणाली, "फुटनार न्हाई. ती लई जपून वापरायची काच हाय." रस्त्यानं दोन्ही बाजूंना शेतं भाजलेल्या पापडासारखी. कुठं कुठं रोजगार हमीची माणसं खडीच्या ढिगाऱ्यांपाशी कापडाच्या सावलीत बसलेली. आम्ही बरोबर धपाटे घेतले होते, ते अहमदपूरला खाल्ले. धपाट्यावर टपावरच्या पेटीतला भुसा नक्की पडला असणार, पण भूक लागली होती.

आत्याच्या घरी पोचलो तेव्हा जेवणाची पानं मांडलेली. अण्णा वखारीतून नुकतेच आले होते. ते वाळले नव्हते. आत्याच्या घरी कोणी वाळत नसे. पण आम्ही बोललो की ते "आं?" म्हणायचे. दिवसभर त्या मशीनच्या करवतीपुढं ओंडके सरकवून कान बधिर झाले होते. त्यांनी आम्हाला बघितलं, बरं वाटलं असावं, पण दाखवलं नाही. मायनं पेटी ओसरीवर, बरोबर त्यांच्या पानासमोर ठेवली आणि ती आत्याबरोबर घरच्या गोष्टी बोलत बसली. ऑर्डरीचं नाव नाही, परत चला नाही, काही नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर तिनं मला चिमटा काढला.

अण्णांनी पहिला घास घेतला. पेटीकडे पाहिलं. दुसरा घास घेतला. पुन्हा पाहिलं. तिसरा घास हातातच राहिला. "हे झाकन कुनी बसवलं?" मी म्हटलं, "मी." "आन हा सांधा?" "मीच." ते पानावरून उठले. आत्या म्हणाली, "अरे, जेवून तर घे." ते पेटीपाशी उकिडवे बसले, खरकट्या हातानं झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. दुखणाईताची नाडी बघावी तसं कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग मायकडे वळून म्हणाले, "असलं लातुरात कुनाला दिलं का?" माय भात कालवत शांतपणे म्हणाली, "हे न्हाई दिलं. पन लई जन सांगून गेल्यात. पोरगी अशाच करून देईल म्हनं सगळ्यांना." अण्णा ओरडलेच, "अशाच? माझं नाव सांगून?" आतोबा हसू दाबायला पाण्याचा तांब्या तोंडाला लावून बसले. आत्यानं मायकडे पाहिलं, मायनं भाताकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्या दोघी नणंद-भावजयींमध्ये तेवढ्या एका क्षणात जे बोलणं झालं ते पुढं आयुष्यभर पुरलं. आत्या म्हणाली, "हिनं तुला नेलं बाबा आता. जा." आणि सकाळी निघताना तिनं वखारीतल्या आंब्याच्या पातळ फळ्यांचा गठ्ठा आमच्याबरोबर टपावर चढवला. "ह्याला वास न्हाई," एवढंच बोलली. चांदचाचांच्या पावांचा प्रश्न त्या फळ्यांनी सुटला. आंबा वजनाला हलका, पावाला काही बाधत नाही, आणि उन्हात तापतही नाही.

आता माझी नातवंडं मोबाइलवर जेवण मागवतात. पाठीला चौकोनी खोकं लावून मोटारसायकलवर पोरगं येतं. मी त्या खोक्याचे कोपरे आधी बघते. नात म्हणते, आजी, तो घाईत असतो. असेल, पण कोपरा बघायला कितीसा वेळ लागतो?

त्या वेळी लातूरला परत आल्यावर अण्णांनी माझी पेटी पुन्हा सगळी सुटी केली, आणि प्रत्येक तुकडा मला दाखवून जोडली. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट सांगितली. गाडीवर ते स्वतः बसून, वजन टाकून, खड्ड्यातून नेऊन पाहायचे. सायकलीवर मात्र ते जन्मात बसले नव्हते. "ज्यावर बसलो न्हाई त्याचं सामान कसं करायचं?" कोंडिबांची सायकल मागून आणली. गावाबाहेरचं तळं तेव्हा पार आटलेलं होतं, तळाला भेगा पडलेल्या, पण कडेकडेनं जमीन सपाट आणि मऊ. पडलं तरी लागणार नाही म्हणून आम्ही सकाळी तिथं गेलो. मध्यभागी खणलेल्या झिऱ्यापाशी बायका वाटीवाटीनं पाणी उपसत बसल्या होत्या. अण्णांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला, सायकलीवर मागे नवी पेटी बांधली, पेटीत वजनाला दगड भरले, आणि मला म्हणाले, "धर. सोडू नको."

मी धरून पळाले. ते डुलले, एकदा डावीकडे पडले, एकदा उजवीकडे. उठले, पेटी हलवून पाहिली, दगड मागचे पुढे केले, पुन्हा बसले. माय बांधावर बसून सूचना करत होती, त्या दोन्ही कानांनी ऐकू येत असूनही अण्णा ऐकत नव्हते. एकदा मी पळता पळता दमले, हात सुटला, आणि सायकल पडली नाही. अण्णा सरळ पुढं निघाले. पेटी मागे घट्ट, पाठ ताठ, पांढरं धोतर हवेवर, त्या आटलेल्या तळ्यातून ते वेग घेत चालले. झिऱ्यापाशी पोचले तेव्हा बायकांनी घागरी उचलल्या आणि वाट करून दिली. अण्णा त्यांच्या मधून गेले, तळ्याला वळसा घालून पुन्हा आमच्या दिशेनं आले, आणि आमच्या समोरून तसेच जात ओरडले, "मंगे, थांबायचं कसं ते सांग की गं!"

मी सांगणार होते. पण मायकडे पाहिलं, ती बांधावर पोट धरून हसत होती, त्या सबंध उन्हाळ्यात पहिल्यांदाच पदर तोंडाला न लावता. आणि मग मलाही हसू आवरेना. अण्णा दुसऱ्या वळशाला लागले.